पावसात न चालण्याचा नियम

पावसाळ्यात भटकू नये, असा नियम आपल्या देशात साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी झाला आणि तो लोकांच्या तक्रारीवरून झाला. विनयपिटकातल्या महावग्गात त्याची हकिकत आहे. बुद्ध तेव्हा राजगृहाला वेळुवनात राहत होते. त्यांचे भिक्षू उन्हाळा, हिवाळा, पावसाळा काही न बघता सतत फिरतीवर असत. लोक कुरकुर करू लागले की ही माणसं ओलं गवत तुडवतात, पायाखाली बारीकसारीक जीव मारतात. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी बसतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्याला घरटं करून गप्प राहतात, मग यांनाच काय झालं आहे? तक्रार बुद्धांच्या कानावर गेली आणि नियम झाला : पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूने एका जागी राहायचं. पाली शब्द 'वस्स'. मराठीत आपण वर्षावास म्हणतो.

नियमाचं कारण लक्षात घेण्यासारखं आहे. भिक्षू भिजतील, आजारी पडतील, दरीत घसरतील, म्हणून तो झालेला नाही. गवत आणि किडामुंगी वाचावी आणि लोकांनी नावं ठेवू नयेत, म्हणून झाला. गावकऱ्यांच्या जेवणावर जगणाऱ्या माणसांना गावकऱ्यांचं ऐकावं लागतं, हा व्यवहारही त्यात आहे.

नियम होता मगधातल्या पावसासाठी. सह्याद्रीपर्यंत तो आला तेव्हा इथल्या कॅलेंडरमध्ये नेमका बसला. वर्षावास आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. ज्याला तेव्हा पोचणं जमलं नाही त्याने महिन्याभराने, म्हणजे श्रावण पौर्णिमेनंतर, बसायचं. पहिल्या तुकडीचा वर्षावास आश्विन पौर्णिमेला, आपल्या कोजागिरीला संपतो. आता याच्या शेजारी मराठी वर्ष ठेवून बघा. वारकरी पावसातच चालतात, पण आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूरला पोचतात आणि तिथून चातुर्मास लागतो. पौर्णिमेला, म्हणजे त्यानंतर चारच दिवसांनी, भिक्षूचे पाय थांबत. मराठी फौजा पावसाळा छावणीत काढत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागिरी. वारकरी, भिक्षू आणि शिपाई यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, पण तिघांची वेळापत्रकं एकाच पावसाने आखलेली आहेत.

या वेळापत्रकाला उलटं चालणारी जमात म्हणजे आम्ही. आषाढ लागला की पुण्या-मुंबईतून शनिवारी पहाटे गाड्या सुटतात. सगळ्यांनी घरात बसावं असं ज्या तीन महिन्यांबद्दल जुन्या जगाचं एकमत होतं, त्याच तीन महिन्यांत आम्ही डोंगर चढतो. अशाच एका दिवशी मी लेण्याद्रीला गेलो. तिथे जाताना मनात वर्षावासाचीच गोष्ट होती, कारण लेण्यांबद्दल जिथे वाचावं तिथे ती पहिल्या परिच्छेदात भेटते : भिक्षूंना पावसाळ्यात राहायला जागा हवी होती, म्हणून लेणी खोदली. हे खरं किती, हा या लेखाचा विषय आहे.

जुन्नर गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामं आहेत. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री हे त्यांचे मुख्य गट. लेण्याद्री गावाच्या उत्तरेला साधारण पाच किलोमीटरवर, गोळेगावाशेजारी, कुकडीच्या पलीकडे आहे. तिथे तीसेक लेणी एका ओळीत दक्षिणेकडे तोंड करून बसली आहेत आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे त्यांना क्रमांक दिलेले आहेत. बहुतेकांचा काळ इसवी सनाचं पहिलं ते तिसरं शतक. सहावं आणि चौदावं लेणं म्हणजे चैत्यगृहं, बाकीचे विहार. सातव्या लेण्यात गिरिजात्मज आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरावर असलेला हा एकच गणपती, त्यामुळे लेण्याद्रीला येणारी बहुतेक माणसं त्याच्याकडे येतात आणि जाता जाता बाकीच्या अंधाऱ्या खोल्यांत डोकावतात.

पायऱ्या २८३. उन्हाळ्यात त्या घामाने मोजल्या जातात, पावसात वाऱ्याने. खाली डोलीवाले प्लास्टिकच्या कागदाखाली बसून होते. त्यांना त्या दिवशी फारसं गिऱ्हाईक नव्हतं. दुसऱ्या टप्प्यावर छत्री उलटी झाली ती मिटूनच टाकली. माकडं पायऱ्यांच्या कठड्यावरून गायब होऊन कुठल्या तरी कपारीत जाऊन बसली होती. पाऊस वरून पडत नव्हता, पश्चिमेकडून आडवा येत होता, आणि समोरचा शिवनेरी पाच मिनिटं दिसायचा आणि पंधरा मिनिटं नसायचा.

वर पोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती कुठल्याही पुस्तकातल्या नकाशावरून कळली नसती. लेण्यांची तोंडं दक्षिणेला आणि वारा पश्चिमेचा, त्यामुळे पावसाचा पडदा कड्याच्या समोरून सरकत जात होता. ओसरीची पुढची हातभर जागा ओली, खांबांच्या पश्चिमेच्या बाजू ओल्या, आणि आतल्या दारापासून पुढे कोरडं. सातव्या लेण्याचा सभामंडप खांबाशिवायचा आहे, सतरा मीटरच्या आसपास खोल आणि पंधरा मीटरहून जास्त रुंद. दगडाच्या एवढ्या मोठ्या छताला मधे एकही आधार नाही. दोन्ही बाजूंना सात-सात आणि समोरच्या भिंतीत सहा अशा वीस खोल्या, आणि त्या समोरच्या भिंतीच्या मध्यावर आता गणपती. आत शिरल्यावर वाऱ्याचा आवाज एकदम बंद होतो. भिजून आलेल्या दहा-बारा माणसांनी आपोआप आवाज खाली आणले होते. अशा वेळी वर्षावासाची गोष्ट पटल्याशिवाय राहत नाही. पावसाळ्यात राहायला याहून चांगली जागा कोणती?

गोष्टीच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे, पण तो लेण्याद्रीत नाही, नाशिकला आहे. नाशिकच्या पांडव लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. लेखात वर्ष ४२ दिलेलं आहे. त्याने हे लेणं संघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेव संघाच्या हातात दिली नाही, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. कशासाठी, तर या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. दुसऱ्या ठेवीचं व्याज किरकोळ खर्चासाठी.

हिशोब करून बघावा असा आहे. २००० वर महिना एक टक्का म्हणजे महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे २४०. एक कार्षापण उरत नाही की कमी पडत नाही. उषवदाताच्या कारभाऱ्याने आधी खर्च ठरवला आणि मग त्यावरून उलटं गणित करून ठेवीची रक्कम काढली, हे उघड आहे. आणि तो ज्या दिवसाचा खर्च मोजत होता तो दिवसही ठरलेला होता : वर्षावास संपला की पुढच्या महिन्यात भिक्षूंना नवं वस्त्र देण्याचा, कठिन चीवराचा विधी असतो. पैसे विणकरांकडे ठेवण्यात गंमत अशी की चीवर शेवटी विणकराच्याच मागावर तयार होणार. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यातही खोल्या वीस आणि नाशिकच्या लेखातले भिक्षूही वीस, हा योगायोग आहे, त्यावर काही रचू नये. पण एका विहारातला वर्षावास किती माणसांचा असे याचा अंदाज मात्र त्यातून येतो.

तर पावसाळ्यात लेण्यांत माणसं राहत होती, त्यांची संख्या मोजली जात होती आणि त्यांच्या कपड्यांची तरतूद होत होती, इथपर्यंत गोष्ट खरी. अडचण पुढे येते. ती अडचण मला लेण्याद्रीच्या ओसरीत उभं राहून, पायाशी वाहणाऱ्या पाण्याकडे बघताना नीट समजली.

लेण्यांच्या शेजारी, दर्शनी भागाला लागून, जमिनीत चौकोनी तोंडाची टाकी खोदलेली असतात. किल्ल्यावर त्यांना आपण टाकं म्हणतो. लेण्यांच्या लेखांत त्यांचा शब्द 'पोढी' आहे आणि लेणी बघणाऱ्या मंडळींनी तोच शब्द आता पुन्हा वापरात आणला आहे. त्या दिवशी पोढ्या काठोकाठ भरल्या होत्या. कड्यावरून उतरणारं पाणी त्यांत पडत होतं आणि जास्तीचं वाहून पुढे पायऱ्यांवर जात होतं. जुलैमध्ये या डोंगरावर पाण्याची काय कमतरता? हात बाहेर काढला की ओंजळ भरते. मग दगडात एवढं खोल टाकं खोदायचं कशाला?

उत्तर सोपं आहे. पोढी पावसाळ्यासाठी नाहीच, ती मार्च-एप्रिल-मेसाठी आहे. लेणी जर फक्त तीन महिन्यांचा निवारा असती, तर पोढ्या खोदायची गरज पडली नसती. कोजागिरीनंतर भिक्षू उठून गेले असते आणि डोंगर पुढच्या आषाढापर्यंत रिकामा राहिला असता. पोढी सांगते की बाकीच्या नऊ महिन्यांतही इथे माणसं होती आणि त्यांना प्यायला पाणी लागत होतं.

आणि जुन्नरच्या लेखांत पोढ्या जागोजागी आहेत. लेणं दान करणारा बऱ्याचदा सोबत पोढी देतो, कुणी नुसतीच पोढी देतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या एका श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या काळी ज्यांना इथले लोक तसं म्हणत ते. इरिल या नावाचा आपल्या इरल्याशी काही संबंध नाही, पण पाण्याचं दान करणाऱ्याचं नाव असं असावं याची पावसात उगाच मौज वाटते. आणखी एका यवनाने, त्याचं नाव चित, संघासाठी भोजनमंडप दिला. मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष ४६ चा. नाशिकला उषवदाताने ठेवी ठेवल्या त्यानंतर चारच वर्षांनी, त्याच राजाच्या मंत्र्याने जुन्नरला काय दिलं, तर एक पोढी आणि एक मंडप. राजाच्या मंत्र्याला पाण्याचं टाकं हे आपलं नाव कोरून ठेवण्याइतकं मोठं दान वाटत होतं.

म्हणून मला वाटतं, लेणी पावसापासून वाचायला खोदली हे वाक्य अर्धंच आहे. पावसापासून वाचायला छपराची झोपडी पुरते. या डोंगरांच्या पश्चिम अंगाला राहणारी आदिवासी कुटुंबं कुडाच्या घरांत पिढ्यानपिढ्या याहून मोठा पाऊस काढत आली आहेत. दगडात खोदण्याचा खटाटोप करावासा वाटतो तेव्हा हेतू पाऊस टाळण्यापेक्षा मोठा असतो. पाऊस साठवायचा असतो आणि वर्षभर राहायचं असतं.

मग वर्षावासाचा नियम बाजूला पडतो का? तसंही नाही. माझ्या मते नियमानेच हे सगळं घडवलं, पण निवाऱ्याच्या गरजेतून नाही. सतत फिरणाऱ्या माणसाला कुणी मोठं दान देऊ शकत नाही. त्याच्या हातात भिक्षा घालता येते, अंगावर एखादं वस्त्र देता येतं. पण घर, शेत, पाण्याचं टाकं, कायम ठेव या गोष्टी द्यायच्या तर घेणाऱ्याला पत्ता लागतो. वर्षातले तीन महिने अमुक डोंगरावर इतके भिक्षू सापडतील, हे नियमाने नक्की केलं. एकदा ते नक्की झालं की मागचं गणित सुरू होतं : वीस माणसं, प्रत्येकी बारा, म्हणजे ठेव २०००. ठेव आली की ती सांभाळायला आणि व्याज मागायला कुणीतरी बाराही महिने हवं. कुणीतरी बाराही महिने राहणार तर उन्हाळ्यात पाणी हवं. म्हणून पोढी. पावसात चालू नका एवढाच नियम होता. त्याच्या शेवटी जुन्नरच्या श्रेणींकडे जमिनी आणि पैसे ठेवून त्यांच्या उत्पन्नावर चालणारे दगडी विहार उभे राहिले, आणि पैशाला हात न लावण्याचं व्रत घेतलेली माणसं विणकरांची सावकार झाली.

दान देणारे कुठून आले हेही पावसाशीच जोडलेलं आहे, पण दुसऱ्या बाजूने. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्याचा, म्हणजे मुख्य चैत्यगृहाचा दाता कल्याणचा आहे : हेरणिकाचा मुलगा सुलसदत. हेरणिक म्हणजे सोन्या-नाण्याचा व्यवहार करणारा, सोनार किंवा खजिनदार. कल्याणचं बंदर इथून घाटाखाली, आणि दोन्हींना जोडणारी वाट नाणेघाटाची. जुन्नरच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख असलेलं लेणं आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. तिथल्या लेण्याला चैत्य नाही, स्तूप नाही. ते घाट चढून दमलेल्यांनी टेकायचं ठिकाण आहे.

आता या वाटेवरचं वर्ष कसं जात असेल ते बघू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-ग्रंथात कल्याणचं नाव येतं आणि इजिप्तहून भारताकडे निघायची वेळही येते : जुलै. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याने सह्याद्रीवर पाऊस येतो तोच वारा ही गलबतं अरबी समुद्रातून ओढून आणत असे. आपल्याकडे ज्या महिन्यात बंदरं बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, घाटवाटा शेवाळलेल्या आणि भिक्षू खोल्यांत, त्याच महिन्यात हजारो मैलांवर कुणीतरी शीड उभारत असे. गलबतं पावसाचा जोर ओसरता ओसरता इथे पोचत. मग घाट वाळत, बैलांचे तांडे माल घेऊन नाणेघाट चढत, जुन्नरला बाजार भरत. आणि त्याच सुमाराला कोजागिरी, वर्षावासाचा शेवट, चीवरदान. व्यापाऱ्याच्या हातात पैसा आणि भिक्षूला द्यायचा दिवस हे दोन्ही एकाच आठवड्या-पंधरवड्यात येत. जुन्नरला यवनांची नावं का सापडतात आणि कल्याणचा माणूस लेण्याद्रीत चैत्यगृह का देतो, याचं कारण या वेळापत्रकात बरंचसं आहे. लेण्याद्रीच्या ओसरीत माझ्या खांबाला ओलं करणारा वारा आणि सुलसदताच्या बापाच्या पेढीत सोनं आणणारा वारा एकच.

लेणी आणि घाटवाटा यांचं हे नातं पायाने चालून ज्यांनी तपासलं त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मोठं. गणिती माणूस, १९०७ चा जन्म, पुण्यात राहून डोंगर पालथे घालणारा. विहार हे व्यापारी वाटांवर का आहेत, ते व्यापाराला कसे उपयोगी पडत, हा प्रश्न त्यांनी मांडला. जुन्या लेखांतली डोंगरांची नावं आणि आजच्या ग्रामदेवता यांची सांगड घातली. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे त्याआधीच्या पिढीतले पालीचे पंडित. गोव्यातून निघून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंहलद्वीपाला गेले, तिथे दीक्षा घेतली, परत येऊन मराठीत बुद्धचरित्र लिहिलं. वर्षावास हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा झाला त्यात त्यांचा वाटा आहे. एकाच घरात वडिलांनी नियमाचा ग्रंथ वाचला आणि मुलाने नियम जिथे पाळला गेला ते डोंगर चालून काढले. लेणी समजायला हे दोन्ही लागतं.

महावग्गात नियमासोबत त्याच्या सवलतीही दिल्या आहेत आणि त्या वाचताना नियम करणाऱ्यांना पाऊस किती नीट माहीत होता ते कळतं. पोकळ झाडात वर्षावास करू नये. झाडाच्या बेचक्यात करू नये. उघड्यावर करू नये. छत्रीखाली करू नये, मोठ्या रांजणात करू नये. म्हणजे हे सगळं कुणीतरी करून बघितलं असणार, त्याशिवाय मनाई कशी येईल? पण गुराख्यांच्या तळावर करायला हरकत नाही, तांड्याबरोबर किंवा नावेवर करायलाही नाही. तळ हलला तर त्याच्याबरोबर हलायचं. आई-बाप आजारी असतील, सोबती भिक्षू आजारी असेल, कुणाला दान द्यायचं असेल आणि निरोप आला, तर सात दिवसांपुरतं जाता येतं.

आणि काही प्रसंगी वर्षावास सरळ मोडायला परवानगी आहे. जंगली जनावरांचा त्रास, साप, चोर, आग. राहती जागा पाण्याने वाहून गेली तर. ज्या गावाच्या आधाराने राहतो ते गाव पाण्याने वाहून गेलं तर. गाव उठून दुसरीकडे गेलं तर गाव जाईल तिथे जावं.

ही कलमं घाटावर वाचताना माळीण आठवल्याशिवाय राहत नाही. लेण्याद्रीच्या दक्षिणेला, आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला हे गाव होतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मागचा डोंगर घसरला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. गावात जाणाऱ्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला बातमी कळली. डोंगरउतारावर यंत्रांनी केलेलं सपाटीकरण, तुटलेली झाडी, सलग पडलेला पाऊस, यांतलं कशाचं किती यावर बराच वाद झाला. पुढे जवळच आमडे इथे नवं गाव वसवलं. गाव जाईल तिथे जावं, हे कलम कुणीही न वाचता पाळलं गेलं.

माळीण आणि लेण्याद्री एकाच दगडाच्या प्रदेशात आहेत. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. काही थर घट्ट, काही भुसभुशीत, आणि त्या सगळ्यावर कुजलेल्या दगडाची आणि मातीची गोधडी. घसरते ती ही गोधडी. लेणी खोदणारे ती ओलांडून आतल्या घट्ट थरात शिरले. कुठला थर धरेल आणि कुठून पाणी झिरपेल हे ओळखूनच त्यांनी जागा निवडली असणार. सातव्या लेण्याचं बिनखांबी छत जवळजवळ दोन हजार पावसाळे तसंच उभं आहे. पण लेण्यात राहणाऱ्यांना ही निवड करायला मिळाली ती धान्याच्या व्यापाऱ्यांच्या आणि राजाच्या मंत्र्याच्या पैशावर. भात लावणाऱ्या माणसाला घर तिथे बांधावं लागतं जिथे त्याचं खाचर आहे. पावसाळ्यात त्याला आत बसताही येत नाही, कारण लावणीचे दिवस आणि वर्षावासाची सुरुवात एकच. भिक्षू तीन महिने एका जागी बसू शकत होते, कारण बाहेर चिखलात कुणीतरी वाकून रोपं लावत होतं. ज्या गवताची आणि किड्यांची राजगृहाच्या लोकांना काळजी होती, त्या यादीत त्याच लोकांचे पाय नव्हते.

लेण्याद्रीतले भिक्षू कधीतरी गेले. व्यापाराच्या वाटा बदलल्या, दान आटलं, आणि व्याज येणं थांबल्यावर पोढीत पाणी असून उपयोग नव्हता. नंतर केव्हातरी सातव्या लेण्यात गणपती आला आणि पार्वतीने इथे तप केल्याची कथा आली. गणपती आल्यामुळे पायऱ्या झाल्या, डोलीवाले आले, डोंगरावर पुन्हा बारा महिने माणसांची ये-जा सुरू झाली. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून देवळात जावं लागतं याची कुरकुर करणारे भाविक तिथे भेटतात आणि विहारात देऊळ आहे याची खंत करणारेही भेटतात. त्या दिवशी दोन्ही प्रकारची माणसं एकाच छताखाली कपडे पिळत उभी होती आणि पाऊस थांबेपर्यंत कुणालाच बाहेर पडता येत नव्हतं.

वर्षावास मात्र महाराष्ट्रातून कायमचा गेला नाही. १९५६ नंतर तो परत आला, पण वेगळ्या रूपात. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा या काळात गावोगावच्या आणि शहरांतल्या बुद्धविहारांत संध्याकाळी लोक जमतात आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाचं क्रमाने वाचन करतात. तिथे जमणारे बहुतेक जण भिक्षू नाहीत. दिवसभर कामावर जाऊन आलेली, पावसात भिजत आलेली माणसं आहेत. त्यांना दिवसा एका जागी बसायची सोय नाही, म्हणून ती संध्याकाळचा तास एका जागी बसतात. मूळ नियमात भात लावणाऱ्याला जी जागा नव्हती, ती इथे त्याच्या नातवंडांनी स्वतःच करून घेतली, असं म्हणता येईल.

पावसात लेण्याद्रीला जायला आज कुणाची मनाई नाही. गेलात तर गणपतीचं दर्शन झाल्यावर लगेच खाली उतरू नका. ओसरीत थोडं थांबा आणि कड्यावरून येणारं पाणी कुठे जातं ते बघा. त्यातलं बरंचसं पायऱ्यांवरून कुकडीकडे निघून जातं. थोडं पोढीत पडतं. मेमध्ये पुन्हा एकदा आलात तर त्या थोड्याची किंमत कळेल.